जुन्या सुती, लिनन, रेशमी कपड्यांतून नवीन कपडे शिवायचेत, कापड टिकेल की नाही कसं ओळखायचं?

उसवण:
नमस्कार मंडळी. शिवणकाम मला बऱ्यापैकी येतं, म्हणजे सरळ शिवण, गळा, बाही लावणं, चेन लावणं इथपर्यंत. साधं घरगुती मशीन आहे, ओव्हरलॉक (कापडाच्या कडेचे धागे वेटोळ्यांनी बंद करणारं मशीन) नाही. घरातल्या सगळ्यांचे मिळून जुने कपडे बरेच साठलेत आणि त्यातले बहुतेक चांगल्या कापडाचे आहेत, पुरुषांचे प्युअर कॉटनचे फुल शर्ट, लिननच्या दोन पँटी, एक जाड कॉटनची डबल बेडशीट जिचा मधला भाग विरलाय पण कडा अजून घट्ट आहेत, एक रेशमी साडी जी घड्यांवर चिरायला लागलीय आणि एक लोकरीचा स्वेटर. हे टाकायचं माझ्या जिवावर येतं, इतकं धुऊन धुऊन मऊ झालेलं सुती कापड नव्या ताग्यात मिळत नाही, हात लावला की फरक कळतो.

आता प्रश्न असे की यातलं कुठलं कापड अजून काही वर्षं टिकेल आणि कुठलं शिवून झाल्यावर दोन धुण्यात फाटेल हे आधी कसं कळणार? शिवणी उसवून घ्यायच्या की सरळ शिवणीच्या कडेने कापून टाकायचं? काही शर्टांची लेबलं निघून गेलीत, ते खरंच कॉटन आहेत की मिक्स हे घरी ओळखता येतं का? आणि त्या साडीचं काय करू, तिचा ड्रेस होईल का? ज्यांनी खरोखर हे केलंय त्यांनी जरा सविस्तर सांगा प्लीज, व्हिडिओ बघून झालेत पण त्यात सगळं कापड नवंकोरं दिसतं.


ताणाबाणा:
उसवण, पहिली गोष्ट म्हणजे डिझाइन आधी ठरवू नका. नव्या कापडात आपण आधी काय शिवायचं ते ठरवतो मग कापड बेततो, इथे ते उलटं होतं. कापड कुठे धडधाकट आहे ते आधी बघायचं आणि तेवढ्यात काय बसतं ते शिवायचं. नाहीतर विरलेला भाग बरोब्बर मुंढ्यात (बाही जोडतात त्या गोलाईत) नाहीतर आसनात (दोन पाय जुळतात तिथे) येतो आणि सगळी मेहनत वाया.

आता बघायचं कसं. सगळे कपडे आधी धुऊन घ्या, स्टार्च असेल तर तो पूर्ण निघू दे, कारण स्टार्चमुळे विरलेलं कापडही कडक आणि मजबूत वाटतं. वाळलं की एकेक कपडा खिडकीसमोर धरा पण एकेरी, दोन थर एकावर एक असतील तर काही कळत नाही, शर्टाच्या आत हात घालून एकच थर उजेडाकडे ताणा. कोपर, कॉलरच्या घडीची रेघ, कफची कड, काख, खांद्यावर जिथे पिशवीचा बंद रोज घासतो ती जागा, पँटमध्ये मांड्यांची आतली बाजू आणि बसायची जागा, इथे उजेड जास्त आरपार येतो आणि कापड जाळीसारखं दिसतं. म्हणजे तिथले धागे झिजून बारीक झालेत. खडूने त्याला गोल करून ठेवा.

मग ताणून बघायचं. गोलाच्या बाहेर, दोन्ही अंगठे कापडावर ३-४ सेंटीमीटरच्या अंतराने ठेवा, खालून बोटांनी कापड पकडा आणि झटका न देता हळूहळू जोर लावा, आधी उभ्या धाग्याच्या दिशेने, मग आडव्या. चांगलं कापड नुसतं तणतं, दाद देत नाही. कमजोर असेल तर आधी अगदी बारीक करकर ऐकू येते, एकेक धागा तुटत असतो, आणि मग फसकन फाटतं. करकर ऐकली की तो भाग कपड्यासाठी बाद, अस्तरालाही वापरू नका. बऱ्याच कपड्यांत एक दिशा मजबूत आणि दुसरी कमजोर निघते, म्हणून दोन्हीकडून बघायलाच हवं.

शर्टात सगळ्यात चांगलं कापड मिळतं पाठीवर, योकच्या (खांद्यांवरच्या आडव्या पट्टीच्या) खालपासून ते पँटमध्ये खोचलेल्या टोकापर्यंत. त्यातही खोचलेल्या भागाला ऊन नाही, घासणं नाही, तिथला रंगसुद्धा मूळचा असतो. मोठ्या मापाच्या शर्टाची पाठ साधारण ५५-६० सेंमी रुंद आणि ६५-७० सेंमी लांब असा सलग तुकडा देते, हे एक माप डोक्यात ठेवलं की किती शर्टांत काय होईल याचा अंदाज येतो.

लिननचं थोडं वेगळं आहे. ताणाला ते कॉटनपेक्षाही मजबूत, ओलं झालं की दोन्ही आणखी मजबूत होतात, पण लिननच्या धाग्याला लवचिकपणा फार कमी. वर्षानुवर्षं एकाच रेघेवर इस्त्रीची क्रीज घातली की त्या रेघेवर धागा मोडत जातो, बाकी कापड ठणठणीत आणि क्रीजवर मात्र उभी चीर. तुमच्या पँटींना क्रीज असणारच. मी काय करते, पँटचा पाय आधी क्रीजवरच कापते, म्हणजे ती कमजोर रेघ दोन्ही तुकड्यांच्या कडेला येते आणि शिवणीच्या मार्जिनमध्ये (शिवणीपलीकडे आत सोडलेल्या कापडात) किंवा दुमडीत लपते. एका पायातून असे लांब पट्टे निघतात, ते जोडून कळ्यांचा स्कर्ट फार सुंदर पडतो कारण लिननला वजन असतं. शिवाय वरून खाली रुंद होणारी कळी कापायला पायाचा तो निमुळता आकार उलटा फिरवला की आयता मिळतो.


सुईदोरा:
ताणाबाणांनी कापडाचं सगळं सांगितलंच आहे, मी उसवायचं सांगतो. माझं मत, पूर्ण उसवा. शिवणीच्या आत जे मार्जिन असतं ते कधी उन्हात गेलेलं नाही, घासलेलं नाही, शिवाय तिथे मूळ रंग कळतो. मापाच्या कपड्यात बाजूच्या शिवणीला मार्जिन चांगलं सोडलेलं असतं, ते मोकळं केलं की पाठीचा तुकडा अजून रुंद होतो आणि लहान मुलाचा शर्ट बेतताना तेवढ्यानेच फरक पडतो, जोड द्यावा लागत नाही.

उसवताना दोन्ही बाजूंनी ओढाओढी करायची नाही, त्यानेच कापड फाटतं. एका बाजूचा टाका दर चार-पाच टाक्यांनी सीम रिपरने (टाके तोडायच्या टोकदार हत्याराने) तोडत जायचं, कापड उलटं करायचं आणि मागचा दोरा एका टोकाने धरून ओढायचा, सरसर निघतो. ओव्हरलॉक असेल तर त्यातला जो सरळ सुईचा दोरा आहे तेवढाच तोडा, वेटोळं घालणारे बाकीचे दोरे आपोआप सुटे होतात, प्रत्येक वेटोळं कापत बसायची गरज नाही. आणि रेडिमेड शर्टांच्या बाजूला, जीन्सच्या पायाला जी डबल शिलाई असते ती बऱ्याचदा साखळी टाक्याची असते, मागून बघितलं तर साखळी दिसेल. तिचं बरोबर टोक सापडलं की एका ओढीत पूर्ण शिवण मोकळी होते, एका टोकाने निघत नसेल तर दुसऱ्या टोकाने बघा, ती एकाच दिशेने सुटते.

सगळं मोकळं झालं की तुकडे परत एकदा ओले करून वाफेची इस्त्री करा. सुती कापडात जुन्या टाक्यांची भोकं पाण्याने आणि वाफेने बरीचशी बुजतात. रेशमात बुजत नाहीत, तिथे बेततानाच भोकांची रेघ मार्जिनमध्ये घ्यावी लागते. आणि प्रत्येक तुकड्यावर उभ्या धाग्याचा बाण खडूने काढून ठेवा, कारण एकदा उसवलं की छोट्या तुकड्यात उभं कुठलं आडवं कुठलं पटकन कळत नाही. काठ (ताग्याची मूळ विणलेली कड) शिल्लक असेल तर प्रश्नच नाही, काठाला समांतर तो उभा. नसेल तर ताणून बघा, ज्या दिशेला कमी ताणतं ती उभी.


कापूसकोंडा:
सुईदोरा, तुमचं बाकी सगळं पटलं पण पूर्ण उसवा हे नाही पटलं. शर्टाच्या बाहीची डबल शिलाई उसवायला अर्धी संध्याकाळ जाते आणि मिळतं काय तर १ सेंमी कापड, तेही टाक्यांनी भोकं पडलेलं. माझा हिशोब असा की जिथे मार्जिन रुंद आहे, म्हणजे मापाने शिवलेला कपडा, पँटचं मागचं शिवण, ड्रेसची दुमड, तिथे उसवायचं, बाकी ठिकाणी शिवणीला लागून कात्री मारायची. जी शिवण चांगली आहे ती तर ठेवायचीच, मोडायची कशाला. शर्टाची बटणपट्टी घ्या, काज तयार, बटणं लावलेली, बकरम (आतलं कडक कापड) घातलेलं, इतकी सफाईदार पट्टी नव्याने करायला किती कष्ट पडतात. मी लहान मुलांचं झबलं किंवा फ्रॉक शिवते तेव्हा शर्टाचा पुढचा भाग बटणं लावलेल्या अवस्थेतच पाठ म्हणून बेतते. म्हणजे फ्रॉकला मागून उघडायची सोय आयती होते. आणि शर्टाची पाठ फ्रॉकचा पुढचा भाग, तो सलग येतो. खालची गोलाई पण तशीच ठेवली तर दुमड घालायचंही काम नाही.

फक्त त्यात एक बघायचं की गळा काजावर न येता दोन काजांच्या मधे येतोय ना, काजाच्या अर्ध्यावर कात्री आली तर तिथे बंद करायला काही राहत नाही. पॅटर्न वर-खाली सरकवून वरच्या कडेपासून पहिलं बटण दीड-दोन सेंमी खाली येईल असं जुळवायचं.

आणि कॉलर घडीवर झिजलेली म्हणून चांगला शर्ट मोडत असाल तर तसं करू नका हं. कॉलर स्टँडपासून (कॉलरखालच्या गळ्याच्या पट्टीपासून) उसवायची, उलटी करायची, म्हणजे झिजलेली बाजू खाली जाते, आणि परत स्टँडमध्ये घालून टीप मारायची. शर्ट अजून चालतो. ब्रिटनमध्ये दुसऱ्या महायुद्धात १९४१ पासून १९४९ पर्यंत कपड्यांचं रेशनिंग होतं तेव्हा ही कॉलर उलटी करायची युक्ती सर्रास चालायची, १९४३ मध्ये तिथल्या सरकारने कपडे दुरुस्त करून, बदलून वापरायची पुस्तिकाच काढली होती. त्या काळात कापड ज्यांच्या हातात होतं त्यांना प्रत्येक तुकड्याची किंमत होती.


अस्तर:
कॉटन की मिक्स, याचं उत्तर. मार्जिनमधून दोन-चार धागे काढा, उभे वेगळे आणि आडवे वेगळे, कारण काही कापडांत उभा धागा एक आणि आडवा दुसराच असतो. चिमट्यात धरून वॉशबेसिनवर, शेजारी पाणी ठेवून पेटवा, हातात धरू नका. कॉटन आणि लिनन कागदासारखं भरभर जळतं, वासही जळक्या कागदाचा आणि मागे करडी मऊ राख, फुंकर मारली तर उडते. लोकर आणि रेशीम सावकाश, आक्रसत जळतं, ज्योत बाजूला नेली की बहुधा विझतं, केस जळल्याचा वास येतो आणि काळा मणी राहतो पण तो बोटात चुरडता येतो. पॉलिएस्टर वितळतं, काळा धूर येतो आणि मागे राहिलेला मणी कडक, चुरडत नाही. मिक्स असेल तर कागदाचा वास पण येईल आणि राखेत कडक कणही लागतील.


ताणाबाणा:
अस्तर, यात एक भर. व्हिस्कोस, म्हणजे रेयॉन, तेसुद्धा कागदासारखंच जळतं, कारण तेही सेल्युलोजच. त्यामुळे जाळून कॉटन की रेयॉन कळणार नाही. त्याला ओलं करून बघायचं. मार्जिनमधला एक धागा काढून मधोमध पाण्याचा थेंब लावा आणि ओढा. रेयॉन ओलं झालं की कमजोर होतं, ओल्या जागीच पटकन तुटेल. कॉटन ओल्या जागी तुटायचं नाही. हातालाही कळतं, रेयॉन जास्त लोळतं, पाण्यात टाकलं की कडक पुठ्ठ्यासारखं होतं.


उसवण:
बाप रे, किती माहिती! धन्यवाद सगळ्यांना. आज शर्ट खिडकीसमोर धरून बघितले, चार शर्टांच्या पाठी एकदम मस्त आहेत, दोन आकाशी, एक पांढरा, एक बारीक निळ्या रेघांचा. कोपरं सगळ्यांचीच गेलीत. जाळूनही बघितलं, सगळे कॉटनच निघाले. चार पाठींमध्ये माझा एक सैलसर कुर्ता होईल का? आणि रंग वेगवेगळे दिसतील त्याचं काय, सगळं एकाच गडद निळ्या रंगात डाय केलं तर? बेडशीट आणि साडीबद्दल पण सांगा ना.


सुईदोरा:
चार पाठींत आरामात होईल. कुर्त्याची लांबी एका पाठीत बसत नाही म्हणून कमरेवर नाही तर छातीखाली जोड द्या, वर दोन पाठी, म्हणजे पुढचा आणि मागचा योक, आणि खाली दोन पाठींचा चुण्यांचा घेर. पाठ ५५-६० सेंमी रुंद आहे, छातीखाली प्रत्येक बाजूला साधारण ४५-५० सेंमी लागतं, म्हणजे चुण्या हलक्याच येतील, रोजच्या कुर्त्याला त्याच चांगल्या दिसतात. बाह्या शर्टांच्याच बाह्यांमधून, कोपराच्या वरच्या भागात आखूड बाही बसते आणि तिथे कापड चांगलं असतं. काखेत मात्र जुन्या काखेचा भाग येऊ देऊ नका, घामाने ते कापड सगळ्यात आधी कुजतं. मुंढा जरा सैल कापा आणि काखेत एक चौकोनी तुकडा घाला, १० बाय १० सेंमीचा पुरतो, तिरका बसवायचा. हात वर केला की ताण त्या तुकड्यावर येतो, मुंढ्याच्या शिवणीवर येत नाही. जुन्या कापडात मी हा तुकडा घातल्याशिवाय बाही लावत नाही.

दोऱ्याबद्दल पण सांगतो कारण याचा कोणी विचारच करत नाही. मऊ झालेल्या जुन्या कापडावर जाड, दणकट दोरा नको. ताण आला तर टाका तुटायला हवा, कापड नाही, टाका परत घालता येतो. बारीक कॉटनचा दोरा वापरा. सुई ११ नंबरची आणि नवी, बोथट सुई धागा बाजूला सारत नाही, तोडते. आणि टाका अडीच ते तीन मिलीमीटर ठेवा. लोकांना वाटतं बारीक टाका म्हणजे मजबूत, पण जुन्या कापडात जवळजवळ भोकं पाडली की ते त्या रेघेवर फाटतं. ओव्हरलॉक नाही म्हणालात ना, मग फ्रेंच सीम करा, आधी उलट्या बाजू एकमेकींना लावून ५ मिमीवर टीप, मार्जिन ३ मिमीपर्यंत छाटायचं, पालटून परत ७ मिमीवर टीप. धागे सगळे आत बंद, आतूनही कपडा सुंदर दिसतो.


कापूसकोंडा:
डाय करायचंच असेल तर उसवलेले तुकडे करा, शिवून झाल्यावर नको. शर्टाची जुनी शिलाई बहुतेक पॉलिएस्टरच्या दोऱ्याची असते, कॉटनचा रंग त्याला चढत नाही, सगळा शर्ट गडद निळा आणि टाके पांढरेशुभ्र असं दिसतं. कोणाला आवडतं ते, पण ठरवून केलेलं असावं. कॉटन-लिननला रिअॅक्टिव्ह डाय आणि वॉशिंग सोडा, लोकर-रेशमाला अॅसिड डाय, ही दोन वेगळी आहेत, अदलाबदल नको.

पण मला विचाराल तर डाय करू नका. आकाशी, पांढरा आणि निळी रेघ, इतकं जुळलेलं रंगाचं कुटुंब विकत घ्यायला गेलं तर मिळणार नाही. रेघांची पाठ खालच्या घेराला पुढे घ्या, पांढरा योकला, बघा कसं दिसतं ते. ऊन लागून फिका झालेला भाग आणि मूळ रंगाचा भाग डायमध्येही वेगवेगळाच दिसतो बऱ्याचदा, त्यामुळे सगळं एकसारखं होईल याची खात्री नसतेच. फिकं झालेलं फार खटकत असेल तर कापड उलटं वापरा, शर्टिंगचं कापड बहुतेक दोन्हीकडून सारखं असतं आणि आतली बाजू जास्त ताजी असते.

बेडशीटचा हिशोब सोपा. डबल बेडशीट २२० ते २५० सेंमी असते, माणसं झोपतात तो मधला पट्टा विरतो आणि गादीखाली दुमडलेल्या कडा नव्यासारख्या राहतात. मधला भाग पूर्ण सोडून द्या. दोन्ही लांब कडांना ५०-६० सेंमीचे पट्टे मिळाले तर त्यात एक ढगळ पायजमा सहज होतो, एकेका पट्ट्याचे दोन तुकडे, एक पुढचा आणि एक मागचा, असे दोन पाय. बेडशीटची तयार दुमडलेली कड पायाच्या खाली घ्या, शिवायची गरज नाही. आसन मात्र दुहेरी करा, आतून त्याच कापडाचा एक तुकडा लावून. जुना सुती पायजमा फाटतो तो आसनातच फाटतो.

जुन्या बेडशीटचा अजून एक फायदा असा की ती आटायची तेवढी आटून झालेली असते. म्हणून तिला नव्या कापडाची नेफ्याची पट्टी, गोट किंवा नवी नाडी लावणार असाल तर ते नवं कापड आधी गरम पाण्यात भिजवून वाळवून घ्या. नाहीतर पहिल्या धुण्यात नवी पट्टी आटते आणि जुनं कापड तिच्याभोवती गोळा होतं, इस्त्रीनेही सरळ होत नाही.


रेशीमधागा:
साडीबद्दल मी लिहिते. घडीवर चिरायला लागली म्हणताय म्हणजे रेशीम थकलंय. रेशमाला ऊन आणि घाम दोन्ही सोसत नाही, शिवाय वर्षानुवर्षं त्याच घडीत ठेवलं की घडीच्या रेघेवर धागा मोडतो. मला स्पष्टच सांगावंसं वाटतं, अंगाबरोबर ताण घेणारा कपडा, म्हणजे फिटिंगचा ड्रेस, ब्लाउज, सलवार, यात ते जाऊ नये. एकदा घातला आणि पाठीवर टरकला असं होतं, आणि मग उरलेलं चांगलं कापडही गेलेलं असतं.

आधी साडी पूर्ण उलगडून, दोन माणसांनी धरून उजेडात बघा. घड्यांच्या मधले चौकोन बहुतेक ठीक असतात. पदर आणि आत खोचला जाणारा भाग वेगळे तपासा, खोचलेल्या टोकाला ऊन लागत नाही, ते नेहमी जास्त चांगलं असतं. दोन्ही दिशांनी ताणून जे चौकोन टिकतात ते कापून घ्या आणि त्यांना मागून पातळ सुती कापड लावा, तुमच्या शर्टातलाच पांढरा मलमलसारखा मऊ असेल तर उत्तम. सुती कापड वॉश करून, दोन्ही थर टेबलावर सपाट ठेवून, मधून कडेकडे जात हाताने मोठा धावदोरा घाला, ५-६ सेंमीच्या अंतराने रांगा. मग दोन्ही थर मिळून एकच कापड समजायचं आणि बेतायचं. यातून बिनबाह्यांचं सैल जाकीट फार छान होतं, समोरून उघडं, बटण नाही. ताण सगळा सुती थर घेतो, रेशीम नुसतं वर राहतं. जरीचे काठ धडधाकट असतील तर ते काढून पुढच्या उभ्या कडांना लावा.

मागे पॉलिएस्टरचं अस्तर लावू नका, हे मी नेहमी सांगते. नैसर्गिक धागा हवेतला ओलावा स्वतःत घेतो म्हणून अंगाला बरा वाटतो, सर्वसाधारण हवेत कॉटन स्वतःच्या वजनाच्या साधारण ८ टक्के, रेशीम ११, लोकर १६ टक्क्यांच्या आसपास ओलावा धरते आणि पॉलिएस्टर अर्धा टक्काही नाही. वर रेशीम आणि आत प्लास्टिक म्हणजे रेशमाचा उपयोगच संपला.

धुताना गार पाणी आणि सौम्य साबण, पिळायचं नाही, कारण रेशीम आणि लोकर ओली असताना कमजोर असते. कपड्यांचे डाग काढायला ज्या पावडरींत एन्झाइम असतात त्या वापरू नका, त्यातली काही एन्झाइम प्रथिनं तोडतात आणि रेशीम-लोकर प्रथिनंच आहेत. क्लोरीनचं ब्लीच तर अजिबात नको, त्यात रेशीम विरघळतं.


अस्तर:
स्वेटर राहिला की. लेबलवर १०० टक्के लोकर असेल आणि सुपरवॉश किंवा मशीन वॉशेबल लिहिलेलं नसेल तर तो मुद्दाम आटवा. कडकडीत गरम पाणी, साबण आणि भरपूर घुसळणं. लोकरीच्या केसावर खवले असतात, ते एकमेकांत अडकतात आणि विणीचं जाड नमद्यासारखं कापड होतं. विणीचे टाके वेगवेगळे दिसेनासे झाले की झालं. मग ते कुठेही कापा, धागे निघत नाहीत, दुमड घालायची गरज नाही. पाठीतून लहान मुलाचं बिनबाह्यांचं जाकीट, बाह्यांमधून पायमोजे. पण आटल्यावर किती कापड उरेल ते आधी सांगता येत नाही, म्हणून आटवून, वाळवून मगच पॅटर्न ठेवा. आणि बारीक भोकं असतील तर आधी कसर लागलीय का ते बघा, शंका असली तर पिशवीत घट्ट बांधून दोन आठवडे डीप फ्रीझरमध्ये ठेवा, नाहीतर ती बाकीच्या लोकरीत जाते.


उसवण:
साडीचं ऐकून जरा वाईट वाटलं पण जाकीट कल्पना आवडली, तेच करते. कुर्ता रेघांचा आणि पांढरा, डाय नाही, कापूसकोंडाताई तुम्ही म्हणता तसंच, काल तुकडे जमिनीवर मांडून बघितले आणि खरंच जुळतात. एकच शंका उरली, कुर्त्याला समोर छोटी बटणपट्टी हवीय पण योकला पाठीचं कापड वापरतेय म्हणजे तयार पट्टी नाही. एवढ्या मऊ जुन्या कापडावर काज टिकतात का? मशीनने केले तर कापड आत ओढलं जातंय, तुकड्यावर करून बघितलं.


सुईदोरा:
शर्टाची तयार पट्टी उसवून घ्या की, पुढचे भाग शिल्लक आहेतच. पट्टीच्या कडेने साधारण २ सेंमी जास्त कापड ठेवून कापा आणि योकला मधोमध चीर देऊन तिथे बसवा. बटणांमधलं अंतर शर्टाचं ८-९ सेंमी असतं, योकच्या लांबीत दोन-तीन बटणं येतील, पुरेत.

नवेच काज हवे असतील तर मागे बकरम नको, ते या कापडाला फार कडक होतं आणि बकरमची कड जिथे संपते तिथे कापड मोडतं. जुन्या कफच्या आतल्या बाजूचा तुकडा काढा, तो दाट असतो पण तितकाच मऊ, आणि तो उभा धागा पट्टीच्या लांबीला लागेल असा मागे ठेवा. काज उभा घाला, आडवा नको, अरुंद पट्टीत उभाच नीट बसतो. मशीन कापड ओढत असेल तर खाली पातळ कागद ठेवून टीप मारा, नंतर फाडून काढा. चीर देताना दोन्ही टोकांना टाचण्या टोचून ठेवा म्हणजे रिपर टाक्यांच्या पुढे जात नाही. हाताने केलात तर अजून चांगलं, मग चीर आधी द्यायची आणि कडेने काजाचा टाका जवळजवळ घालायचा, दोरा मात्र दुहेरी घ्या.


कापूसकोंडा:
आणि बटणाच्या मागे आतून एक छोटं चपटं बटण लावा, दोन्ही एकाच दोऱ्याने एकत्र शिवायची. ओढ बसली तर ती त्या आतल्या बटणावर बसते, कापडाला भोसका पडत नाही. शर्टांच्या बटणपट्टीला खाली आतून जी जास्तीची बटणं लावलेली असतात ना, ती याच कामाला येतात, टाकू नका.